कागदाशेजारच्या फटी: ऑइल फिल्टर कापून केलेल्या तुलनेच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२५

सप्टेंबरच्या पुरात बुडालेले ट्रॅक्टर अजून माझ्या गॅरेजवर येतच आहेत. आज मांजरा नदीकाठच्या एका गावातून तात्या आपला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत घेऊन आले. पाणी ओसरल्यावर कुणीतरी स्टार्टर मारून पाहिला होता, त्यामुळे तेल आणि पाणी पार घुसळून निघालं होतं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट सोडला तर आधी पाणी आलं, मग पांढुरकं दाट तेल. तात्यांचं एकच पालुपद, "इंजिन वाचंल का न्हाई, तेवढं सांग बाबा."

फिल्टर काढून कापला. आतल्या कागदाच्या घड्या पाण्याने फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, दोन घड्यांच्या मधे नखसुद्धा शिरत नव्हतं. हा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्याला रेझिन पाजून भट्टीत कडक केलेलं असतं, म्हणून तो गरम तेलात टिकतो. पाण्यात मात्र त्याचे तंतू फुगतात आणि छिद्रं बुजतात. अशा कागदातून तेल जाणं शक्यच नव्हतं. तरीही क्रँकच्या बेअरिंगवर ओरखडा नाही, याचा अर्थ जे थोडा वेळ इंजिन फिरलं तेव्हा बायपास व्हॉल्व्ह (कागद तुंबला की तेलाला त्याला वळसा घालून जाऊ देणारी झडप) उघडला आणि न गाळलेलं का होईना, तेल पोचत राहिलं.

तात्यांनी कापलेला डबा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "एवढंच असतंय व्हय ह्यात? मग दीडशेचा आन् पाचशेचा, फरक कशाचा?"

गिऱ्हाईक हा प्रश्न नेहमी विचारतं आणि आपण "कंपनीचा घ्या" म्हणून मोकळे होतो. या खेपेला नीट उत्तर काढायचं ठरवलं आहे. आमच्याकडे सर्वांत जास्त खपणाऱ्या आट्याचे चार फिल्टर घेतले: अ हा ट्रॅक्टर कंपनीच्या खोक्यातला, ब बाजारात नाव असलेल्या बदली मालातला, क सर्वांत स्वस्त, ड परदेशी बनावटीचा, ज्याच्यावर जास्त तास चालतो असं लिहिलं आहे. नावं या वहीत लिहिणार नाही. एकेका नगावरून कंपनीला बरंवाईट म्हणणं बरोबर नाही, आणि मला कंपनी नव्हे, बांधणी समजून घ्यायची आहे.

१२ ऑक्टोबर

कापण्याची पद्धत आधी ठरवून टाकली. करवतीने किंवा ग्राइंडरने फिल्टर कापायचा नाही. लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग घडीत सापडलेला चमकता कण इंजिनाचा की करवतीचा, हे कुणालाच सांगता येत नाही. नळ कापायच्या कटरसारखा चाकाचा फिल्टर कटर मिळतो, तोच वापरायचा. बुडाच्या (म्हणजे आट्याच्या, इंजिनाला लागणाऱ्या बाजूच्या) दुमडलेल्या कडेच्या थोडं वर चाक टेकवायचं, एकेक फेऱ्याला जरासं आवळायचं. पत्रा कापला जातो, कीस पडत नाही.

वापरलेला फिल्टर असेल तर रात्रभर उलटा ठेवून निथळून घ्यायचा.

१५ ऑक्टोबर

न कापता जेवढं दिसतं तेवढं आज पाहिलं. चौघांचे आटे एकच, रबराच्या गोल गॅस्केटचा व्यासही एकच. म्हणजे चारही त्याच जागी सहज बसतात. दुकानदार एवढ्यावरच "चालतंय" म्हणतो. पण काही इंजिनांमध्ये बायपास व्हॉल्व्ह इंजिनाच्या अंगातच असतो, तिथल्या फिल्टरमध्ये तो ठेवलेलाच नसतो. असा फिल्टर चुकून दुसऱ्या इंजिनाला लागला तर आटे बसतील, तेल गळणार नाही, बाहेरून सगळं ठीक दिसेल. आणि कागद तुंबला त्या दिवशी तेलाला दुसरी वाट नसेल. आटे बसणं ही पहिली अट झाली, पुरेशी अट नव्हे.

तेलाची वाट इथेच लिहून ठेवतो, पुढे सारखी लागेल. बुडाच्या जाड तबकडीला कडेने बारीक भोकं असतात, मधे एक मोठं आट्याचं भोक. पंपाचं तेल कडेच्या भोकांतून आत येतं, रबरी पडदा उचलून डब्याच्या भिंतीलगत पसरतं, घड्यांच्या बाहेरून आतल्या नळीत झिरपतं आणि मधल्या भोकातून बेअरिंगकडे जातं. म्हणजे डब्यात दोनच खोल्या आहेत, बाहेर मळकं तेल आणि आत स्वच्छ तेल. या दोन खोल्यांच्या मधे जे जे उभं आहे ते सगळं फिल्टर आहे, फक्त कागद नव्हे.

वजन केलं. ड सर्वांत जड, क सर्वांत हलका. क च्या बुडाची तबकडी बोटालाच पातळ लागते. सकाळी थंड दाट तेलाचा दाब चढतो तेव्हा ही तबकडी लवली तर गॅस्केट जागा सोडतं. जोर जिरवायचं काम तिचंच असतं.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. भाची संभाजीनगरहून आली आहे, तिकडे मेकॅनिकलला शिकते. काल ओवाळून झाल्यावर तिला ही वही दाखवली, तर आज सकाळीच गॅरेजवर हजर. "मामा, कापायचं माझ्या हातून." चारही तिनेच कापले. टेबलावर पांढरा कागद अंथरून प्रत्येकाचे भाग ओळीने मांडले.

घड्या. अ आणि ब मध्ये पिवळसर तपकिरी कागद, घड्या सारख्या अंतरावर, खोलीही सारखी. क मध्ये घड्या कमी आणि एका बाजूला दाटलेल्या, दुसऱ्या बाजूला दोन घड्यांच्या मधे अंगठा जाईल एवढी मोकळी जागा. कागद उलगडून फूटपट्टीने मोजला, तर क चा कागद अ च्या निम्म्याहून थोडाच जास्त भरला. कागद कमी म्हणजे तेवढंच तेल कमी छिद्रांतून जाणार, प्रत्येक छिद्रावर जोर जास्त, आणि मळ साठवायला जागा थोडी. ड चा कागद पांढरट, जाड, मागून बारीक तारेच्या जाळीचा आधार. त्यात काचेचे कृत्रिम तंतू आहेत. लगद्याचा तंतू चपटा, वेडावाकडा आणि जाड असतो, वीस-तीस मायक्रॉनच्या घरातला (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). काचेचा तंतू त्याच्या कितीतरी बारीक आणि गोल. बारीक तंतूंच्या थरात छिद्रं लहान ठेवूनही तेलाला वाट जास्त मिळते, म्हणून असा फिल्टर बारीक कण धरतो आणि तरी लवकर तुंबत नाही.

घड्यांचा सांधा. कागदाची लांब पट्टी गोल फिरवली की दोन टोकं कुठेतरी जोडावी लागतात. अ मध्ये पत्र्याची चिमटी दाबून बसवली आहे. ब आणि ड मध्ये डिंक, वरपासून खालपर्यंत अखंड. क मध्येही डिंकच, पण वरच्या टोकाला बोटाच्या पेरभर तो पोचलेलाच नाही. भाचीने तिथे ब्लेडचं पातं घातलं, ते आरपार गेलं.

टोप्या. घड्यांची दोन्ही टोकं बंद करायला वरखाली टोपी लागते. अ, ब, ड मध्ये पत्र्याची वाटी आणि तिच्यात ओतलेला डिंक, घड्यांची टोकं त्यात बुडालेली. क मध्ये जाड पुठ्ठ्याची चकती. पुठ्ठ्याची टोपी म्हणजे वाईटच, असं म्हणणार नाही. नीट चिकटवलेली पुठ्ठ्याची टोपी चांगलं काम करते, काही नावाजलेल्या बांधणीत तीच असते. प्रश्न डिंक सगळीकडे पोचला का, एवढाच आहे.

मधली नळी. कागद आत कोसळू नये म्हणून ती असते. अ मध्ये गोल भोकांची, ब मध्ये खिडकीच्या झडपांसारखे काप असलेली. या कापांची एक गोम आहे: साच्यातून अर्धवट उघडून आले तर नळी आतून जवळजवळ बंदच राहते. ब चे काप टॉर्च लावून एकेक पाहिले, सगळे उघडे होते. हे बाहेरून, मधल्या भोकातून टॉर्च मारूनही दिसतं. दुकानात उभ्याउभ्या करता येणारी ही एकमेव आतली तपासणी, म्हणून ठळक लिहून ठेवली.

स्प्रिंग. सगळा गाभा (घड्या, टोप्या आणि नळी मिळून) बुडाशी दाबून धरायला डब्याच्या तळाशी, म्हणजे बुडासमोरच्या बंद टोकाला, स्प्रिंग असते. कुणी वेटोळ्याची घालतं, कुणी पट्टीची. वेटोळ्याची दिसायला दणकट, म्हणून लोक तिलाच चांगली म्हणतात. काटा लावून दोन्ही दाबून पाहिल्या, अ ची पट्टी ब च्या वेटोळ्याइतकीच जोर धरते. स्प्रिंगच्या आकारावरून फिल्टरला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

२ नोव्हेंबर

रबरी पडद्याची चाचणी. इंजिन बंद झालं की डब्यातलं तेल परत चेंबरात उतरू नये, हे याचं काम. तो गळका असेल तर सकाळी स्टार्टर मारल्यावर पंपाला आधी डबा भरावा लागतो, मग बेअरिंगला तेल मिळतं. तेवढा वेळ वर टॅपेट वाजतात.

चारही प्रकारचे नवे नग घेतले. कडेच्या भोकांतून तेल भरलं, मधलं भोक रबरी बूच लावून बंद केलं आणि ट्रेवर उलटं टांगून ठेवलं. सकाळी क च्या खाली चांगलं थारोळं होतं, ब च्या खाली काही थेंब, अ आणि ड कोरडे.

हा झाला नव्या रबराचा निकाल. खरा फरक उष्णतेनंतर पडतो. काळं नायट्राइल रबर साधारण १००–१२० अंशांपर्यंत सुखाने राहतं. दोन ट्रॉल्या ऊस लावून चढ चढणाऱ्या ट्रॅक्टरचं तेल त्या हद्दीला जाऊन टेकतं, मग हळूहळू रबर कडक होतं आणि पडदा बसत नाही. सिलिकॉन २०० अंशांच्या पुढेही मऊ राहतं. ड मध्ये सिलिकॉन आहे, केशरी. पण रंगावर जाऊ नये, नायट्राइललाही रंग देता येतो. भाचीने फोनवर विचारलं होतं, अ चं काय? अ मध्ये काळं नायट्राइल आहे, आणि २५० तासांना बदलणाऱ्या फिल्टरला ते पुरतं. जुने काढलेले अ प्रकारचे पडदे चिमटून पाहिले, अजून लवचिक होते. ज्याने तोच फिल्टर दोन हंगाम ओढला, त्याचा पडदा मात्र वाकवला की तडकला.

९ नोव्हेंबर

कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला आहे, गॅरेजवर श्वास घ्यायला वेळ नाही. तरी रात्री बायपासचं काम उरकलं.

बायपास किती दाबाला उघडतो हे घरच्या काट्यावर मोजता येतं. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. अ च्या व्हॉल्व्हचं बसतं तोंड १६ मिमी व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंमी. गाभा डिजिटल काट्यावर उभा ठेवला, काटा शून्य केला, लाकडी दांडीने व्हॉल्व्हची चकती हळूहळू दाबली. चकती हलली तेव्हा काट्यावर २.१ किलो. म्हणजे साधारण १ किलो प्रति चौरस सेंमी. ब थोडा कमी, ड थोडा जास्त. क ची चकती ७०० ग्रॅमलाच उघडली, म्हणजे जेमतेम ०.३५ किलोचा दाब.

हे का महत्त्वाचं? थंडीत पहाटे २०डब्ल्यू-४० तेल दाट असतं, ते कागदातून ढकलायलाच बराच दाब लागतो. क सारखा हलका व्हॉल्व्ह अशा वेळी रोज उघडणार. कागद स्वच्छ असूनही तेल त्याला वळसा घालून जाणार, आणि नेमकं रात्रभर तळाशी बसलेला मळ घेऊन जाणार. उलट व्हॉल्व्ह फार ताठ असेल तर तुंबलेल्या कागदावर सगळा जोर येऊन कागद फाटेल. म्हणून इंजिन बनवणारा ठरवतो तोच आकडा बरोबर; जास्त म्हणजे चांगला, असं नाही.

अंधारात नळीच्या आत छोटी टॉर्च ठेवली. अ, ब, ड मध्ये व्हॉल्व्हभोवती काळोख. क मध्ये प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हच्या कडेने उजेडाची चंद्रकोर दिसली. म्हणजे तो व्हॉल्व्ह बंद असतानाही बंद नाही.

जागेबद्दल एक. आमच्या ट्रॅक्टरना फिल्टर बहुधा डबा खाली, तोंड वर असा टांगलेला असतो. बायपास डब्याच्या तळाशी असेल तर तो उघडल्यावर तेल तळातल्या गाळावरूनच जातं. बायपास तोंडाशी, बुडाच्या तबकडीलगत ठेवला तर गाळ जागेवर राहतो. चारांपैकी फक्त ड ची रचना तशी आहे. मला ती सगळ्यात पटलेली गोष्ट.

२३ नोव्हेंबर

आजची चाचणी सगळ्यांत मोलाची, सविस्तर लिहितो.

फिल्टरच्या खोक्यावर "२० मायक्रॉन" लिहिलेलं असतं. भाची म्हणते, नुसता आकडा अर्धवट आहे. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीत ठरावीक धूळ तेलात मिसळून ते फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आधी-नंतरचे कण मोजतात. आधीचे भागिले नंतरचे, याला बीटा म्हणतात. २० मायक्रॉनला बीटा २ म्हणजे तेवढे किंवा मोठे दोन कण आले की एक निसटला, निम्मंच काम. बीटा ७५ म्हणजे पंच्याहत्तरात एक निसटला, ९८.७ टक्के धरले. दोन्ही खोक्यांवर "२० मायक्रॉन" लिहिता येतं. बेअरिंगमधला तेलाचा थर चालू इंजिनात काही मायक्रॉनचाच असतो, म्हणून हा फरक पोटातला आहे.

ती चाचणी गॅरेजात होणं शक्य नाही. पण हायड्रॉलिक फिल्टरसाठी आयएसओ २९४२ नावाची बुडबुड्यांची एक चाचणी आहे, तिची गावठी आवृत्ती जमली. गाभ्याचं एक तोंड बुचाने बंद केलं, दुसऱ्यात नळी बसवली. गाभा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून तिथेच आडवा, जेमतेम बुडेल असा ठेवला. नळीतून हवेचा दाब अगदी सावकाश वाढवला. दाब मोजायला सलाईनच्या पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरलं. (हे काम उघड्यावर, जवळपास विडी-काडी नाही, वेल्डिंग बंद.) छिद्र जितकं मोठं तितका कमी दाबाला बुडबुडा बाहेर येतो. हिशेबाने ४० मायक्रॉनच्या छिद्रातून पहिला बुडबुडा सुमारे २१५ मिमी पाण्याच्या दाबाला यायला हवा, २० मायक्रॉनच्या छिद्रातून त्याच्या दुप्पट दाबाला.

गाभा हळूहळू फिरवत राहायचं आणि पहिला बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं. अ चा कागदाच्या घडीच्या टोकावरून आला, ब चाही तसाच. ड ला बराच जास्त दाब लागला आणि मग एकदम सगळ्या अंगावरून बारीक बुडबुड्यांची रांग लागली. हे उत्तम लक्षण, म्हणजे छिद्रं सगळीकडे सारखी. क चे बुडबुडे मात्र पाणी जेमतेम हललं न हललं तोच सुरू झाले. कागदातून नव्हे. एक धार त्या डिंक न लागलेल्या सांध्यातून, दुसरी पुठ्ठ्याच्या टोपीखालून.

मग एक गोष्ट केली. क चा सांधा आणि टोपी एपॉक्सीने बंद केली, सुकू दिलं, पुन्हा तीच चाचणी. आता पहिला बुडबुडा कागदातून आला, आणि जवळपास ब इतक्याच दाबाला! क चा कागद वाईट नव्हताच. तो कुणीतरी चांगल्या गिरणीतून घेतलेला कागद आहे. त्याच्या शेजारची फट त्याला कामच करू देत नव्हती.

तात्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. तेल आळशी असतं, त्याला जिथे कमी अडवणूक तिथून ते जातं. दीडशेच्या डब्यात वाचवलेले पैसे कागदाच्या प्रतीत कमी, सांध्यात जास्त वाचवलेले असतात: डिंक, व्हॉल्व्हचं तोंड, पडद्याचं रबर. आणि त्यातलं काहीच खोक्यावर छापलेलं नसतं.

१९ डिसेंबर

वेळ अमावस्या. गॅरेज बंद, सगळे मळ्यात. कोपीजवळ भज्जी-आंबील झाल्यावर दाजींनी विचारलं, त्यांच्या स्प्लेंडरला तर कधी असला फिल्टर बदललेला आठवत नाही. बरोबर आहे. त्या इंजिनात कागदाचा फिल्टरच नाही. क्रँकच्या टोकावर एक फिरती वाटी आहे, तेल तिच्यात गरगरतं, जड कण भिंतीला चिकटून बसतात, शिवाय खाली एक जाळी. इंजिन उघडतील तेव्हा ती वाटी पुसायची. बारीक कण ती कागदाइतके धरत नाही, पण तिला तुंबून तेल अडवणंही माहीत नाही.

११ जानेवारी २०२६

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचे २५० तास भरत आले, वापरलेले फिल्टर हातात येताहेत. घड्या कापून व्हाइसमध्ये दाबून तेल काढलं, मग पांढऱ्या कागदावर उलगडल्या. खालून लोहचुंबक फिरवला.

चुंबकामागे जे सरकतं ते लोखंड, म्हणजे लायनर, रिंगा, कॅम या भागांची झीज. चमकतं पण सरकत नाही ते पिस्टनचं ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा वरचा पांढरा थर. तांबूस झाक दिसली की बेअरिंगचा पुढचा थर उघडा पडला, गाडी थांबवायची. बोटांत करकर लागतं ती धूळ. एका ट्रॅक्टरच्या घड्यांत ही करकर फारच होती. एअर क्लीनरचा होज क्लॅम्प ढिला निघाला. शेतातली धूळ तेलात येते ती हवेच्या वाटेने. तिथली फट बुजवल्याशिवाय ऑइल फिल्टर कितीही महाग घेतला तरी तो पुरा पडणार नाही.

आणखी एक, कारण हे रोज ऐकतो: "फिल्टर बेकार हाय, तेल आठ दिवसांत काळं झालं." डिझेल इंजिनाची काजळी एका मायक्रॉनहूनही बारीक असते. ती कोणत्याच कागदात अडकत नाही, आणि तिला तेलात तरंगत ठेवणं हे तेलातल्या रसायनांचं काम आहे. काळं तेल म्हणजे फिल्टर खराब, असं धरून निम्म्या तासांना फिल्टर बदलणारे लोक आहेत आणि काळं व्हायचंच म्हणून हजार तास न बदलणारेही.

१८ जानेवारी

गॅरेजचा नियम आजपासून असा. क चा उरलेला माल परत केला. ट्रॅक्टरला अ किंवा ब. ड पुरात बुडालेल्या गाड्यांना पहिल्या काही बदलांसाठी ठेवायचा विचार होता, कारण काचेचे तंतू पाण्याने फुगत नाहीत. पण त्याचा बायपासचा आकडा प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकाशी ताडून मगच लावायचा. बुडालेल्या इंजिनाला कोणताही फिल्टर असो, धुवायचं तेल घालून थोडा वेळ चालवायचं, तेल-फिल्टर दोन्ही टाकायचे, मग खरं तेल.

बसवताना पोरांनी पाळायचं ते फलकावर लिहिलं: जुनं गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून पाहायचं. नव्या गॅस्केटला तेलाचं बोट. गॅस्केट टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना लावायचा नाही. फिल्टर आधी भरायचा असेल तर तेल कडेच्या भोकांतून घालायचं. मधल्या भोकातून घातलं तर ते न गाळता सरळ बेअरिंगला जातं.

तात्यांचा ट्रॅक्टर उद्या येतोय, पुरानंतरच्या दुरुस्तीनंतर हंगामात वापरलेला पहिला फिल्टर कापायला. भाचीला कळवलं आहे. कटरचं चाक बोथट झालंय, ते सकाळी आधी बदलायचं.